बरी झालीस की वाच

आठवडाभर मी लोकांच्या डोळ्यांपुढे काचा धरते.
आता नीट दिसतंय, की मघाशी दिसत होतं?
लोक परीक्षेला बसल्यासारखे घाबरतात
आणि ठोकून देतात काहीतरी.
रविवारी मला कुणाला काही विचारायचं नसतं.

रविवारी त्रिस्तान नार्वाखा रस्त्यावर
ससे, स्क्रू, लसूण, गेलेल्या माणसांचे कोट
आणि पुस्तकं
एकाच फरशीवर अंग चोरून बसलेली असतात.
जुलैची थंडी. नदीकडून येणारा वारा.
(नदीच ती, पण पलीकडचा काठ दिसत नाही,
म्हणून माँतेविदेओत आम्ही तिला समुद्र म्हणून टाकतो.)
काखेत थर्मास, हातात माते,
नळी एकच, माझी नि अनिबालची;
त्याला रविवारी शिंक आली
की मला बुधवारी ताप.

अनिबाल पुस्तकाची किंमत
गिऱ्हाइकाच्या बुटांकडे बघून सांगतो.
माझे बूट त्याला पाठ आहेत.
चाळीस पेसो, ओंदिना, म्हणाला,
आणि मधमाशीपालनाचं पुस्तक हातावर ठेवलं.

माझ्याकडे माशा नाहीत.
तिसऱ्या मजल्यावर एक खिडकी आहे,
तिच्यात एक जिरेनियम, तेही रुसलेलं.
पण आत, पहिल्या पानावर, निळ्या शाईत:
नेलिदाला. बरी झालीस की वाच.
ऑगस्ट, एकोणीसशे एक्कावन्न.

आणि पानं जोडलेलीच.
छापखान्यातून आली तशी, कडा न कापलेली,
डोळे मिटून पडलेल्या माणसासारखी.

बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली,
मांडीवर ऊन आलं,
शेजारच्या मुलाने संत्रं सोललं
तो वास थेट शेवटच्या थांब्यापर्यंत पुरला.
एरवी एवढ्यावर माझा दिवस निघतो.
त्या दिवशी मात्र नेलिदा गळ्यात अडकून राहिली.
वाचलं नाही, म्हणजे ती...

घरी आल्यावर पावाची सुरी घेतली.
पहिली घडी कापताना कागदाने
घसा खाकरल्यासारखा आवाज केला.
सत्तर वर्षांची कोंडलेली हवा,
तिला ना मधाचा वास, ना औषधाचा.
टेबलावर कागदाचा भुसा पडला,
पावाच्या चुऱ्यात मिसळला.
राणीमाशी कशी ओळखायची ते वाचत बसले,
दूध उतू गेलं तरी उठले नाही.

आणि रात्री भांडी घासताना
एकदम लख्ख झालं.
अगं, बरी झाली असेल ती!
उठली असेल, केस धुतले असतील,
गच्चीवर उन्हात पाठ करून बसली असेल,
मग कुणाबरोबर तरी नाचायला गेली असेल
आणि बूट चावले म्हणून अनवाणी परतली असेल.
बऱ्या झालेल्या माणसाला
मधमाश्यांवरचं पुस्तक आठवतं कुठे?
न वाचलेलं पुस्तक म्हणजे
कुणाच्या तरी भरगच्च दिवसांची पावती.
मी ओल्या हातांनीच हसले.
खालचा दागोबेर्तो नेहमीसारखी
चुकीच्या सुरात शीळ घालत होता,
त्याला आज पहिल्यांदा दाद द्यावीशी वाटली.

आता रोज एक घडी कापते.
कामावर जाण्याआधी, पाणी तापेपर्यंत.
कधी वाचते, कधी नुसती कापते.
एखाद्या आजीबाई आमच्या दुकानात
नवा चष्मा लावून स्वतःचेच हात बघत राहतात ना,
केवढ्या सुरकुत्या गं, म्हणतात, आणि खूश होतात,
तसं काहीसं होतं सकाळी सात वाजता.

शेवटची घडी, सोळा पानांची,
मी कापणार नाहीये.
माझं काही दुखलं-खुपलं कधी,
तर बरी झाल्यावर लागेल.
आणि तेव्हाही विसरले,
तर फारच उत्तम.

परवा अनिबालने नळी पुढे करत विचारलं,
काय, माशा कशा आहेत?
मी म्हटलं, मजेत.
थंडीत जरा कमी बोलतात.